'बिवेअर ऑफ चिकन': इतकी आवडलेली कादंबरी तिसऱ्या खंडात सैल का वाटते?

ओंजळभर

नमस्कार मंडळी,

इंग्रजीत प्रकरणाप्रकरणाने आंतरजालावर प्रसिद्ध होणाऱ्या अद्भुतरम्य कादंबऱ्या वाचणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून 'बिवेअर ऑफ चिकन' या कादंबरीविषयी थोडे सविस्तर विचारतो. 'कॅज्युअलफार्मर' या टोपणनावाने लिहिणाऱ्या कॅनेडियन लेखकाची ही कादंबरी 'रॉयल रोड' या संकेतस्थळावर लोकप्रिय झाली आणि २०२२ पासून 'पोडियम' या प्रकाशनसंस्थेने तिचे खंड पुस्तकरूपात आणायला सुरुवात केली.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथासूत्र सांगतो. जिन रौ हा एका बलाढ्य पंथातला कनिष्ठ शिष्य आहे. वरिष्ठाच्या मारहाणीत त्याचा जीव जातो आणि त्याच क्षणी आपल्या जगातल्या एका कॅनेडियन तरुणाचा आत्मा त्या देहात येतो. हा तरुण चिनी 'शियानशिया' पद्धतीच्या, म्हणजे साधनेने अलौकिक बळ मिळवणाऱ्या साधकांच्या, कथा वाचलेला असल्यामुळे आपल्यापुढे काय वाढून ठेवले आहे हे त्याला लगेच उमगते: अपमान, सूड, त्याहून बलवान शत्रू, पुन्हा सूड, आणि या चक्रात कधीतरी मरण. तो सूडाचा विचारही न करता पंथ सोडतो, जिथे 'ची' म्हणजे प्राणशक्ती सर्वांत क्षीण आहे अशा अझूर हिल्स नावाच्या मागास प्रदेशात चालत जातो, जमीन घेतो आणि भातशेती करू लागतो. पुढे त्याच्या शेतावरचा कोंबडा मालकाची रोजची कवायत पाहून स्वतःच साधनेच्या मार्गाला लागतो. या कोंबड्याचे नाव बी दे. त्याच्यापाठोपाठ रानडुक्कर, डुकरीण, उंदीर, मांजर, बैल असा सगळा परिवार जमा होतो.

पहिला खंड वाचताना मला फार आनंद झाला. विनोद कुणाला खाली पाडून केलेला नाही, माणसे एकमेकांशी नीट वागतात, आणि तरीही कथा गुळमट होत नाही. दुसरा खंडही आवडला. तिसऱ्या खंडात मात्र ड्युएलिंग पीक्स येथील स्पर्धा सुरू झाल्यावर माझी गती मंदावली, आणि पुस्तक कितीतरी दिवस तसेच पडून राहिले. प्रसंग वाईट लिहिले आहेत असे नाही. परंतु पहिल्या खंडात ज्या ओढीने पाने उलटत होतो ती ओढ हरवली.

म्हणून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हा शैथिल्याचा दोष कादंबरीच्या रचनेतच आहे, की हलक्याफुलक्या कथेचा प्रकारच असा असतो की काही काळाने तिच्यातला धोका खरा वाटेनासा होतो? आणि ज्यांनी पुढचे खंड वाचले आहेत त्यांच्या मते चौथा हाती घेणे योग्य ठरेल का? कृपया शेवटचे रहस्य फोडू नका, बाकी मोकळेपणाने लिहा.

उत्तररात्र

आपला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण या कादंबरीविषयी बहुतेक ठिकाणी एक तर निखळ कौतुक वाचायला मिळते किंवा 'यात काही घडतच नाही' अशी एका ओळीची तक्रार. या दोन्हींमधून तिची खरी ताकद कळत नाही आणि खरा दोषही कळत नाही.

ताकदीपासून सुरुवात करते. इंग्रजी वाचकांना शियानशिया प्रकार मुख्यतः अनुवादांतून कळला. 'वुशियावर्ल्ड' हे अनुवादांचे संकेतस्थळ २०१४ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत पंथ, बळ वाढवणाऱ्या गोळ्या, साधनेच्या पायऱ्या, उन्मत्त तरुण वारसदार ही सारी सामग्री इंग्रजी वाचकांच्या अंगवळणी पडली. या सामग्रीची खिल्ली उडवणाऱ्या कथा नंतर पुष्कळ आल्या, पण खिल्लीचे आयुष्य थोडे असते. चारदोन प्रकरणांत ती संपते. इथे लेखकाने त्या जगाचे नियम खोटे ठरवले नाहीत. ते नियम खरेच क्रूर आहेत, माणसे खरेच मरतात, सामान्य गावकऱ्याला साधकाची खरेच धास्ती वाटते. आणि अशा जगात एक माणूस वेगळे वागायचे ठरवतो. त्यामुळे हसू येते ते विसंगतीतून, आणि ती विसंगती प्रत्येक नव्या पात्रागणिक ताजी होत राहते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे व्हर्डंट हिल गावचा दंडाधिकारी. जिन त्याच्यासमोर येतो तो एखाद्या शेतकऱ्याने कचेरीत जावे तितक्या साधेपणाने. त्याच्या लेखी ते एक सरकारी काम असते. दंडाधिकाऱ्याच्या लेखी मात्र समोर असा माणूस बसलेला असतो की ज्याच्या मनात आले तर कचेरीसकट गाव उरणार नाही. चेहऱ्यावरची रेषाही न हलवता, अत्यंत मृदू आणि अदबशीर भाषेत तो कारभार उरकतो, आणि आत त्याच्या काळजाचे पाणी पाणी झालेले असते. घरी पत्नीजवळ गेल्यावरच तो माणसात येतो. या प्रसंगात कुणीही मूर्ख नाही. दंडाधिकारी आपल्या अनुभवाप्रमाणे अगदी बरोबर वागतो आहे, जिनही बरोबर वागतो आहे, आणि दोघांच्या मधल्या अंतरात विनोद आहे. शिवाय आपल्या माणसांसाठी भीती गिळून काम करणारा हा अधिकारी वाचकाला मनापासून आवडू लागतो. विनोदाबरोबर पात्राविषयीचा आदरही वाढावा, हे हलक्याफुलक्या लेखनात फार थोड्यांना जमते.

बी देच्या प्रकरणांचेही तसेच आहे. कोंबड्याच्या नजरेतून लिहिलेला मजकूर भारदस्त, जवळजवळ आर्ष भाषेत आहे. त्याच्या दृष्टीने जिन हा महागुरू, शेत ही पुण्यभूमी, आणि पहाटेची बांग हे कर्तव्य. लेखक ही भाषा कुठेही मोडत नाही, वाचकाकडे पाहून डोळा मिचकावत नाही. चाउ जी नावाचा उंदीर शेतावर येतो आणि चुन के या रानडुकराला डोक्याला कायमची इजा होते, तेव्हा ही भारदस्त भाषा एकदम खरी वाटू लागते. पूर्वी बोलका असलेला चुन के त्यानंतर मोजक्या, साध्या शब्दांत बोलतो, आणि त्याचा हा बदल पुढे सोयीस्करपणे पुसून टाकलेला नाही. ज्यांना ही कादंबरी 'नुसती गोड' वाटते त्यांनी हा भाग पुन्हा वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. शैथिल्य आहे, आणि ते रचनेत आहे असे माझे स्पष्ट मत आहे. लेखकाची एक आवडती युक्ती म्हणजे घडलेला प्रसंग दुसऱ्या पात्राच्या नजरेतून पुन्हा दाखवणे. पहिल्या खंडात ही युक्ती विनोदाचे इंजिन आहे, कारण दुसरी नजर प्रसंगाचा अर्थच बदलून टाकते: जिनने सहज केलेली गोष्ट कोंबड्याला गूढ उपदेश वाटते, आणि काइ शिउलान या दुसऱ्या पंथातल्या तरुण साधिकेला एखाद्या अज्ञातवासी महापुरुषाची लीला वाटते. तिसऱ्या खंडापर्यंत पात्रांची संख्या इतकी वाढते की एकाच सामन्याकडे खेळणारा, त्याचे मित्र, विरोधी पंथाचे लोक आणि प्रेक्षकांतला एखादा अनोळखी असे सगळे जण पाहतात, आणि या अनेक नजरांतून नवा अर्थ निघत नाही. आश्चर्य, पुन्हा आश्चर्य, पुन्हा आश्चर्य. वाचकाला ते आधीच ठाऊक असते.

आंतरजालावर हे खटकत नव्हते, याचेही कारण आहे. प्रकरण येऊन मधे काही दिवस गेले की मागचा प्रसंग दुसऱ्या बाजूने आठवून देणे वाचकाला सोयीचे पडते. खाली प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांनाही आपापल्या लाडक्या पात्राचे मत ऐकायचे असते. तोच मजकूर सलग पुस्तक म्हणून वाचला की उजळणी वाटते. पुस्तकरूपात आणताना संपादकाने तिसऱ्या खंडाला आणखी कात्री लावायला हवी होती.

धोक्याविषयी मात्र मी आपल्याशी पूर्ण सहमत नाही. हलक्याफुलक्या कथेत नायक मरणार नाही हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असते, आणि तरीही पहिल्या खंडात आपण श्वास रोखून वाचतो. तिथे पणाला लागलेली असते ती शेतावरची शांतता, माणसामाणसांतला नुकताच जुळलेला विश्वास. स्पर्धेत पणाला लागते ती प्रतिष्ठा; आणि प्रतिष्ठेला किंमत देऊ नये हेच तर ही कादंबरी आपल्याला दोन खंड शिकवत आलेली असते. मग त्या सामन्यांत वाचकाचा जीव कसा अडकणार?

खाचरातला

वरचा प्रतिसाद अतिशय आवडला. मी थोड्या वेगळ्या बाजूने लिहितो, कारण आमच्याकडे मावळात भातशेती आहे आणि मी ही कादंबरी मुळात शेतीसाठीच वाचायला घेतली.

प्रथम जे मनाला भिडले ते सांगतो. या जगातले बाकीचे साधक निसर्गातली प्राणशक्ती ओढून घेतात, साठवतात, त्यासाठी एकमेकांचे गळे कापतात. जिन आपल्याजवळची थोडीशी शक्ती मातीत सोडतो. त्यामागे कसलाही डाव नसतो. जमीन कसायची तर तिला काहीतरी द्यावे लागते एवढीच त्याची समजूत असते. हळूहळू जमीन त्याला परत देऊ लागते, आणि पंथातल्या वरिष्ठांना वर्षानुवर्षांच्या साधनेत जे कळलेले नसते ते या शेतावरच्या जनावरांनाही कळू लागते. कादंबरीच्या सगळ्या अद्भुतामागे हा एकच विचार आहे आणि तो अस्सल शेतकऱ्याचा विचार आहे. आमच्याकडे भात निघाल्यावर त्याच ओलीवर हरभरा किंवा वाल घेतात. पिकाला पीक मिळते आणि पुढच्या भाताला चांगला बेवड, म्हणजे कसदार झालेली जमीन, मिळतो. जमिनीकडून नुसतेच काढत राहिलो तर ती काय करते, हे सांगायला कुणा साधकाची गरज नाही. लेखकाने हे तत्त्व उपदेश म्हणून न सांगता कथेच्या नियमातच घातले, त्यामुळे नायकाचे बळ कसे वाढते हा प्रश्न आणि तो कसा माणूस आहे हा प्रश्न एकच होऊन बसतो. बाकीच्या अनेक कथांत नायक बलवान होतो तो लेखकाने ठरवले म्हणून. इथे तो होतो ते त्याच्या स्वभावामुळे.

शिउलानचा भागही याच कारणाने चांगला वठला आहे. सुन केन या क्रूर दुष्टाविरुद्धच्या मोहिमेत तिने आपली माणसे गमावलेली असतात, नावलौकिक मात्र तिच्या वाट्याला आलेला असतो, आणि हे ओझे ती एकटी वाहत असते. तिला कुणी मोठा मंत्र देत नाही. चिखलात उतरून रोपे लावण्याचे काम मिळते, जेवणाला सोबत मिळते, झोप लागू लागते. लावणीत ओणवे होऊन रांगेत पुढे सरकताना डोक्यात दुसरे काही फार वेळ टिकत नाही, हे खाचरात उभे राहिलेल्या कुणालाही पटेल.

आता उणीव. या शेतात वाईट साल येत नाही. जिन एकट्याने धोंडे उपटतो, माणसाच्या हाताने जे आठवडाभर चालावे ते दिवसात उरकतो, आणि पिकते ते सोन्यासारखे. मी वाचलेल्या खंडांत पाऊस लांबल्यामुळे रोपे तरव्यातच (रोपवाटिकेतच) जून झाली, करपा रोगाने पाते वाळले, कापणीच्या तोंडावर अवकाळी आला, असे काही घडत नाही. एकवीस ते पंचवीस दिवसांचे रोप लावले तर फुटवे चांगले येतात. पावसाने ओढ दिली आणि रोप दीड महिन्याचे झाले की उत्पन्न घटणार हे लावतानाच कळते, आणि तरी लावावे लागते. शेतीतला ताण इथे असतो. लेखकाजवळ हा ताण आयता होता. शेजारच्या होंग याओवू गावातल्या माणसांसाठी तरी तो वापरता आला असता, म्हणजे जिनजवळ असलेल्या शक्तीचे मोल अधिक कळले असते. त्याऐवजी कथेला धोका हवा झाला की बाहेरून दुष्ट माणूस येतो. ओंजळभर यांना जी ओढ हरवल्यासारखी वाटते तिचे एक कारण मला हे दिसते: कथा शेत सोडून डोंगरावरच्या आखाड्यात गेली, कारण शेतावर घडण्यासारखे लेखकाने काही शिल्लक ठेवले नव्हते.

हे मी तक्रारीच्या सुरात लिहीत नाही. इतक्या प्रेमाने शेतीकडे पाहणारी अद्भुतकथा माझ्या वाचनात दुसरी नाही, आणि म्हणूनच ती आणखी थोडी खोल जायला हवी होती असे वाटत राहते.

ओंटारियोहून

मी गेली बरीच वर्षे कॅनडात राहते, त्यामुळे एका तपशिलाविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. अझूर हिल्समध्ये जिनला मेपलची झाडे सापडतात आणि तो त्यांच्यापासून पाक बनवतो. हा प्रसंग वरवर गमतीचा वाटेल, पण इथे राहणाऱ्याला तो चटका लावून जातो. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्यावर, असे हवामान हिवाळ्याच्या शेवटी काही आठवडे असते, तेव्हाच झाडातून रस चांगला वाहतो. तो पाण्यासारखा पातळ असतो; साधारण चाळीस लिटर रस आटवला की लिटरभर पाक मिळतो. कढईवर तासन् तास वाफ उठत असते आणि आपल्या गुऱ्हाळासारखीच सगळी मंडळी भोवती जमलेली असतात. ज्या माणसाने आपले पूर्वीचे जग कायमचे गमावले आहे, तो नव्या जगात सर्वप्रथम काय परत मिळवू पाहतो? लेखकाने घरच्या आठवणींवर पानेच्या पाने खर्च केली नाहीत. हा पाक बनवणे आणि तो मेइलिंगला व गावकऱ्यांना खाऊ घालणे एवढ्यावर भागवले. परदेशात राहून आपल्या चवी जपणाऱ्या कुणालाही त्यातले दुःख आणि सुख दोन्ही कळेल.

मेइलिंगचा उल्लेख अजून कुणी केला नाही, म्हणून तिच्याविषयीही लिहिते. अशा कथांत नायिका बहुधा अप्रतिम लावण्यवती असते आणि नायकाकडे पाहत राहण्यापलीकडे तिला काम नसते. होंग मेइलिंग ही वैद्याची मुलगी आहे. चेहऱ्यावर ठिपके, जीभ तिखट, नाक अतिशय तीक्ष्ण. औषधी वनस्पतींचे तिचे ज्ञान कथेत खरोखर उपयोगी पडते, आणि चाउ जीच्या तावडीतून सुटलेली री झू नावाची उंदरीण तिच्याच हाताखाली वैद्यक शिकते. जिन आणि मेइलिंग यांचे नाते गैरसमज आणि रुसव्यांवर ताणलेले नाही. दोन शहाणी माणसे एकमेकांना आवडतात, तसे सांगतात आणि लग्न करतात. एवढे सरळ प्रेम वाचताना फार बरे वाटते.

खटकणारी गोष्ट एकच, पण ती मला छोटी वाटत नाही. कादंबरीतला चीन हा कुठल्याही विशिष्ट काळातला वा प्रांतातला नाही. तो अनुवादित कादंबऱ्यांतून ऐकलेला चीन आहे. परंपरा, पंथ, वडीलधाऱ्यांचा मान या गोष्टींची बाजू बहुतेक वेळा अहंकारी माणसांच्या तोंडी येते, आणि समंजसपणा येतो तो कॅनडाहून. लेखकाला याची जाणीव आहे हे नक्की. मूळ रौच्या आठवणी आणि भावना जिनमध्ये मिसळलेल्या आहेत, तो निव्वळ परका माणूस उरलेला नाही, हे पुढे पुढे अधिक ठळक होते. लू री या वरिष्ठ साधकाचे पात्रही या दृष्टीने मोलाचे आहे. पंथाच्या शिस्तीतूनच त्याची सचोटी आली आहे, आणि एक पत्र योग्य माणसाच्या हाती पोचवण्यासाठी तो जे कष्ट घेतो ते मला स्पर्धेतल्या कुठल्याही सामन्यापेक्षा अधिक लक्षात राहिले. अशी पात्रे आणखी हवी होती. त्या मातीतला चांगुलपणा त्या मातीचाच आहे, बाहेरून आलेल्या माणसाने आणून दिलेला नाही, हे तेव्हा अधिक पटले असते.

ओंजळभर

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. उत्तररात्र यांनी प्रतिष्ठेचा जो मुद्दा मांडला त्यामुळे मला जे जाणवत होते ते शब्दांत सापडले. स्पर्धेतल्या लढती वाचताना माझे मन सतत शेतावर काय चालले असेल याकडे जात होते.

खाचरातला यांना एक विचारावेसे वाटते. वाईट साल आले असते, तर ही कादंबरी जो विसावा देते तो उरला असता का? माझ्या ओळखीतले काही जण दवाखान्यातल्या जागरणांत किंवा नोकरी सुटल्यानंतरच्या दिवसांत हीच कादंबरी वाचत होते, आणि पीक हमखास येते हीच त्यांच्यासाठी मोठी गोष्ट होती.

खाचरातला

प्रश्न रास्त आहे आणि मी त्यावर बराच विचार केला. विसावा मिळतो तो पीक हमखास आल्यामुळे, की पीक बुडाले तरी शेजारी धावून येतील या खात्रीमुळे? माझ्या मते दुसऱ्यामुळे, आणि पहिल्या खंडाचे यशही त्यातच आहे. चुन के जखमी होतो तो प्रसंग घ्या. ते एक वाईट सालच होते. त्याने कादंबरीची ऊब कमी झाली नाही. उलट त्यानंतर त्या परिवारावर आपला अधिक जीव जडला. डुकरीण पी पा ज्या मायेने चुन केबरोबर राहते ती माया त्या जखमेशिवाय आपल्याला दिसलीच नसती. म्हणून मी म्हणतो की एखादा दुष्काळ या कादंबरीने सहज पेलला असता. दवाखान्यात बसलेल्या वाचकालाही सारे सुरळीत चालल्याचे वर्णन फार काळ धीर देत नाही. बिघडलेले सावरले गेले, हे वाचून धीर येतो.

उत्तररात्र

या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, फक्त एक जोडते. लेखकाला शेतावरचा ताण दिसलाच नाही असे नाही. अझूर हिल्सची भूमी इतकी दुबळी का झाली, तिला झालेली इजा कोणती, हा प्रश्न पहिल्या खंडापासून पेरलेला आहे, आणि स्पर्धेनंतर कथा त्याच इतिहासाकडे वळते. जखमी जमीन आणि तिची शुश्रूषा करणारा शेतकरी, हेच कादंबरीचे मोठे सूत्र आहे. ते मध्यंतरी स्पर्धेच्या गर्दीत झाकले गेले, एवढेच. त्यामुळे चौथा खंड जरूर घ्यावा असे मी सुचवेन. तिसरा अर्धवट सोडून मात्र जाऊ नये, कारण स्पर्धेच्या शेवटी जे उघड होते त्यावर पुढचे सगळे उभे आहे. सामन्यांची वर्णने भराभर वाचली तरी चालतील. तीगू या मांजरीची आणि होंग याओवूतल्या गोउ रेनची प्रकरणे मात्र सावकाश वाचावीत, कारण शेतावर शिकलेले बाहेरच्या जगात कितपत टिकते याची परीक्षा तिथे आहे. गोउ रेनचा भाऊ युन रेन आणि त्याच्या चित्रे साठवणाऱ्या स्फटिकांचा धागाही सोडू नये.

वाचायला कंटाळा येत असेल तर ध्वनिपुस्तकाचा पर्याय आहे. ट्रॅव्हिस बॉल्ड्री यांनी ते वाचले आहे. प्रत्येक प्राण्याचा आवाज त्यांनी वेगळा आणि भाबडेपणा न आणता काढला आहे, आणि बी देचे भारदस्त स्वगत ऐकताना तर लेखकाला नेमके काय अभिप्रेत होते ते कळते. ज्या उजळणीच्या प्रकरणांवर मी वर टीका केली तीही कानावर पडताना कमी जड वाटतात, कारण ऐकताना आपले हात दुसऱ्या कामात असतात.

'रॉयल रोड'वर सुरुवातीचे खंड शोधू नयेत. 'किंडल अनलिमिटेड' या अ‍ॅमेझॉनच्या वर्गणी-योजनेत ठेवलेले पुस्तक डिजिटल स्वरूपात अन्यत्र ठेवता येत नाही, त्यामुळे पुस्तक निघाले की तेवढी प्रकरणे तिथून काढली जातात. स्पर्धेचा भाग संपवून झाला की लू रीच्या पत्राविषयी आपले मत इथे जरूर लिहा. ओंटारियोहून यांनी त्या पात्राविषयी जे लिहिले आहे त्यावर मला आणखी बोलायचे आहे.